पत्र्याची ट्रंक, २३ स्कोअरबुकं आणि आमच्या क्लबची ५० वर्षं

२० ऑगस्ट २०२३, रविवार. नाशिकच्या आमच्या क्रिकेट क्लबची वार्षिक सभा होती. पुढच्या वर्षी क्लबला ५० वर्षं होतात, तेव्हा स्मरणिका काढायची असं ठरलं, आणि क्लबचा इतिहास व गाजलेले खेळाडू हा भाग माझ्याकडे आला. मी १९९२ ते २००१ या काळात क्लबकडून खेळलो. सातपूरला कारखान्यात नोकरी, पाळी बदलती. सभेत हो म्हणालो आणि घरी आल्यावर लक्षात आलं की सुरुवात कुठून करायची हेच मला ठाऊक नाही. १६ महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये स्मरणिका छापून हातात आली. मधल्या काळात जे जे लागलं, जिथे जिथे अडलो, ते इथे लिहितोय. नाशिकमध्ये असे जुने क्लब बरेच आहेत आणि त्यांच्याकडेही कुठेतरी एक ट्रंक पडलेली असणार.

क्लबचं आणि आमच्या खेळाडूंचं नाव या लेखात देत नाही. घरच्यांची परवानगी स्मरणिकेपुरतीच घेतली होती.

ट्रंक पंचवटीत एका माजी खजिनदारांच्या घरी, जिन्याखाली होती. आधी क्लबचं सामान सराफ बाजाराजवळच्या एका खोलीत असायचं. २००८ च्या पुरात गोदावरीचं पाणी त्या खोलीत शिरलं. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की सराफ बाजारातली माणसं सामान वर चढवायला धावतात. त्या दिवशी आमच्या दोघातिघांनी ट्रंक वाचवली, पण खालच्या थरातली पुस्तकं भिजलीच. उघडली तेव्हा आत २३ स्कोअरबुकं, दोन इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, एक रबरी शिक्का आणि काथ्याच्या मॅटचं एक बिल निघालं. चार पुस्तकांची पानं विटेसारखी चिकटून घट्ट झाली होती.

इथे पहिली चूक केली. एक चिकटलेलं पुस्तक उघडायच्या घाईत तीन पानं फाडून बसलो. ती कुठल्या सामन्याची होती हे आता कधीच कळणार नाही. त्यानंतर एका ग्रंथपाल मैत्रिणीने सांगितलं तसं केलं. पुस्तकं उन्हात ठेवायची नाहीत, सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस उभी ठेवायची. मऊ ब्रशने धूळ काढायची. जे पान सुटत नाही ते सोडून द्यायचं. आणि वाचायला बसण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, फाइलला नाव द्यायचं ते वर्ष-महिना-तारीख या क्रमाने, म्हणजे सगळं आपोआप ओळीने लागतं. मी १,१०० च्या वर फोटो काढले. त्याला सप्टेंबर पूर्ण गेला.

ते बिल मात्र मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. आम्ही खेळायला लागलो तेव्हाही मॅटवरच खेळायचो. सकाळी साडेसहाला दोघांनी गुंडाळी खांद्यावर आणायची, पाणी मारून चोपलेल्या मुरमावर ती उलगडायची, चारी बाजूंनी ताणायची आणि हातोडीने लांब खिळे ठोकायचे. मॅट एका बाजूला जरी सैल राहिली तरी सीझन बॉल (चामड्याचा चेंडू) पडून कसा येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून ताणायला नेहमी जुनी माणसं उभी राहायची. खिळ्यांचा हिशेब ठेवणारा एक मुलगा असायचा. संध्याकाळी एक खिळा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर लहान मुलं अनवाणी खेळायची.

पहिला मोठा प्रश्न निघाला स्थापनेच्या वर्षाचा. सगळे १९७४ म्हणायचे. पुरावा काय? इतिवृत्ताची पहिली वही १९७७ पासूनची. स्मरणिकेवर 'सुवर्णमहोत्सव' छापायचं तर खात्री हवी. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकच्या कार्यालयातून क्लबच्या नोंदणीचा उतारा काढायचं ठरवलं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी जरा तपशिलात सांगतो. आपल्याकडे असे क्लब सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदतात, आणि त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. म्हणजे क्रमांक दोन असतात. एकात 'महाराष्ट्र', आकडा आणि जिल्हा असं असतं, दुसरा 'एफ' अक्षराने सुरू होतो. उतारा मागताना हा 'एफ'वाला क्रमांक लागतो. आमच्यापैकी कुणालाच तो माहीत नव्हता. मी नुसत्या नावावर अर्ज लिहून गेलो आणि परत आलो. मग आठवण झाली त्या रबरी शिक्क्याची. शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उमटवला, तर क्लबच्या नावाखाली बारीक अक्षरात दोन्ही क्रमांक होते. जुनं लेटरहेड, पावतीपुस्तक, शिक्का, बँकेचं पासबुक, हे आधी बघा. हेलपाटा वाचतो.

९ ऑक्टोबरला नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचं ते 'परिशिष्ट १'चा उतारा आणि नोंदणीच्या वेळची घटना व नियमावली. ७ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आधी, दोन्ही मिळालं. स्टॅम्प, नकलेची फी, झेरॉक्स धरून पाचशेच्या आत काम झालं. उताऱ्यावर नोंदणीचं वर्ष १९७७ होतं.

मग १९७४ खोटं का? त्या रात्री मला झोप लागली नाही. पण ट्रंकेतलं सगळ्यात जुनं स्कोअरबुक नोव्हेंबर १९७४ चं आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर आमच्या क्लबचं नाव आहे. क्लब आधी खेळायला लागला आणि नोंदणी नंतर झाली. संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, घटना लिहावी लागते, पत्त्याचा पुरावा लागतो. विशीतल्या मुलांना ते जमायला तीन वर्षं लागली, इतकंच. स्मरणिकेत आम्ही दोन्ही वर्षं दिली: पहिला नोंदलेला सामना १९७४, संस्थेची नोंदणी १९७७.

त्या उताऱ्यातून एक जड गोष्टही कळली. विश्वस्तांच्या यादीत सात नावं होती आणि त्यातली पाच माणसं आज हयात नाहीत. १९९६ नंतर आम्ही बदल अर्जच दाखल केलेला नाही. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो द्यायचा असतो. आम्ही दर तीन वर्षांनी निवडणूक घेत होतो, ठराव करत होतो, पण कागद वहीतच राहिले. आता विलंब माफीच्या अर्जासह सगळे बदल क्रमाने दाखल करायचं काम चालू आहे. त्यासाठी मृत्यूचे दाखले, सभेच्या नोटिसा, ठरावाच्या नकला, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं जमवतोय. वकिलांची फी वेगळी. इतिहासाच्या निमित्ताने हे उघडकीला आलं. तुमचा क्लब असेल तर आजच उतारा काढून नावं तपासा.

आता बापूंबद्दल.

क्लबच्या खोलीत एक लाकडी फलक आहे, 'आमचे मानकरी' असा. १९९० च्या दशकात कुणीतरी जुन्या पुस्तकांवरून तो रंगवून घेतला. त्यावर गोलंदाजांत पहिलं नाव 'बापू नाडकर्णी'. तेव्हापासून आम्ही तो फलक वाचत आलो आणि बापू आमच्याकडून खेळले हे छातीठोकपणे सांगत आलो. भारताचे कसोटी गोलंदाज बापू नाडकर्णी नाशिकचे हे खरंच आहे. ४ एप्रिल १९३३ चा त्यांचा जन्म नाशिकचा. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी टाकलेली ३२ षटकं नाशिकमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात: २७ निर्धाव, ५ धावा, त्यातली २१ निर्धाव षटकं सलग. ४१ कसोटी, ८८ बळी. पण त्यांची शेवटची कसोटी मार्च १९६८ मधली, न्यूझीलंड दौऱ्यावरची, आणि आमचा पहिला सामना १९७४ चा. त्याआधीचं त्यांचं रणजी क्रिकेट आधी महाराष्ट्राकडून आणि मग मुंबईकडून झालेलं होतं.

तरीही स्कोअरबुकात 'बापू' होते. १९७६ ते १९८३, दर दुसऱ्या सामन्यात, गोलंदाजांच्या रकान्यात नुसतं 'बापू'. आणि आकडे? एका डावात १४ षटकं, ९ निर्धाव, ११ धावा, ३ बळी. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून स्कोअरर इंग्रजी एम काढतात. या गोलंदाजाच्या ओळीत तशा एमची माळच लागलेली. मी चक्रावून गेलो.

डिसेंबर-जानेवारी वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइलींत गेले. चौकशी १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरू केली. शेवटी ज्या फाइली हव्या होत्या त्या एका दैनिकाच्या कचेरीत बघायला मिळाल्या. क्लबच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, ओळखपत्राची प्रत, आणि नेमक्या तारखा लिहून नेल्या तर लोक मनापासून मदत करतात. 'सत्तरच्या दशकातलं क्रिकेट दाखवा' म्हणाल तर तेही बिचारे काय करणार! स्कोअरबुकातली सामन्याची तारीख घ्यायची आणि तिच्यापुढचे तीन दिवस बघायचे. आठ शनिवारांत आमच्या क्लबच्या १९ बातम्या सापडल्या, बहुतेक चार-चार ओळींच्या. बापूंचा उलगडा त्यांतही झाला नाही.

तो झाला ताईंकडे.

१९७८ ते १९८६ ची स्कोअरबुकं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसायची. अक्षर गोल, खाडाखोड नाही, प्रत्येक डावाखाली बेरीज पडताळलेली, हवामानसुद्धा लिहिलेलं. स्कोअररच्या सहीच्या जागी नुसती दोन आद्याक्षरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देवळालीच्या एका ज्येष्ठ खेळाडूंना पान दाखवलं. ते म्हणाले, "हे आपल्या सरांच्या बहिणीचं अक्षर. ती कडुनिंबाखाली बसायची." सर म्हणजे क्लबचे संस्थापक, शाळेत शिक्षक होते. त्यांच्या बहिणीचं नाव आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं, ना सभासदांच्या, ना फलकावर.

ताई इंदिरानगरला राहतात. तेव्हा वय ७१. फोन केला तेव्हा आधी विश्वासच बसेना त्यांचा. मी लॅपटॉपवर पानं उघडून दिली आणि त्या कितीतरी वेळ काही न बोलता एकेक ओळ बोटाने वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "या दिवशी दुपारी वारा सुटला होता. वही उडू नये म्हणून मी डबा ठेवला होता पानावर. हा बघ तेलाचा डाग." डाग होता. मी तो शाईचा समजलो होतो.

माझ्या एका मोठ्या अडचणीचं उत्तर त्यांनी दोन मिनिटांत दिलं. कुठल्याही डावाची बेरीज जुळायला हवी: गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक अवांतर (फलंदाजाच्या खात्यात न जाणाऱ्या धावा) म्हणजे संघाची धावसंख्या. आजच्या रीतीप्रमाणे वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, म्हणून अवांतरातून फक्त बाय आणि लेगबाय मिळवायचे. मी तसं करत होतो आणि जुन्या प्रत्येक डावात चार-सहा धावा कमी पडत होत्या. ताई म्हणाल्या, "अरे, तेव्हा वाइड, नो-बॉल बोलरच्या नावावर धरत नव्हते. ते पण अवांतरातच मिळव." मिळवले, आणि सगळी पानं जुळली. जुनी स्कोअरबुकं तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही ही पद्धत १९८० च्या दशकात बदलली.

आणि बापू? ताई हसल्या. "ते नाशिकरोडचे. सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. डावखुरी फिरकी. धाव द्यायचेच नाहीत, म्हणून पोरांनी बापू ठेवलं. खरं नाव मीसुद्धा लिहायचं सोडून दिलं, चूक माझीच." फलक रंगवणाऱ्याने वहीत 'बापू' वाचलं आणि पुढे 'नाडकर्णी' जोडलं, एवढीच ती कथा. आमच्या बापूंना जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. त्यांच्या मुलाला जेल रोडला जाऊन भेटलो. वडील क्रिकेट खेळायचे एवढंच त्याला माहीत होतं. ती एमची माळ असलेली पानं मोठी करून त्याला दिली. स्मरणिकेत त्यांचं खरं नाव, फोटो आणि आठ हंगामांचे आकडे आहेत. मला स्वतःला या सगळ्या कामातलं ते पान सर्वांत मोलाचं वाटतं.

मार्च ते मे मुलाखती. एकूण १७ झाल्या, पंचवटी, सिडको, कॉलेज रोड, देवळाली कॅम्प असं फिरून. 'क्लबचा इतिहास सांगा' म्हटलं की माणूस गप्प होतो. 'पहिली बॅट कुठून घेतली', 'मैदानावर कसे जायचा', 'डबा कोण आणायचं' असं विचारलं की दोन तास जातात. फोनवर रेकॉर्ड करण्याआधी विचारायचं आणि त्याच रात्री तारीख घालून जपून ठेवायचं. दोन मुलाखती मी पुढे ढकलल्या, उन्हाळा उतरू दे म्हणून. त्यातली एक कधीच झाली नाही. ते काका जूनमध्ये गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. वयाने सर्वांत मोठे त्यांच्याकडे आधी जा, वह्या-कागद नंतरही राहतात.

देवळालीच्या त्या ज्येष्ठांचंच सांगायचंय. फलकावर त्यांच्या नावापुढे 'सर्वोच्च धावा १८१' असं होतं, क्लबचा विक्रम म्हणून. १९८० च्या स्कोअरबुकात आकडा देवनागरीत आहे, १४१. ताईंचा '४' वरून थोडा मिटलेला, घाईत बघितला तर इंग्रजी आठ वाटतो. मी त्यांच्या ओळीतला एकेक फटका मोजला, चार वेळा. १४१ च भरतात. संघाच्या ९ बाद २६७ शीही तेच जुळतं. आता त्यांना सांगायचं कसं? क्लबमधले काही म्हणाले, राहू दे, म्हातारपणी कशाला. मला ते पटलं नाही. स्मरणिका खोटी करायची असेल तर काढायचीच कशाला? मे महिन्यात पान घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, पान पाहिलं आणि म्हणाले, "१४१ च आहेत. मी कधी १८१ म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही." मग त्या खेळीतला पहिला चौकार कुठे गेला ते सांगायला लागले.

गाजलेले खेळाडू कुणाला म्हणायचं यावरून समितीत तीन बैठका झाल्या. काहींचं म्हणणं, नाशिकचे मोठे खेळाडू घ्या, वजन येतं. मी अडून बसलो. महाराष्ट्राकडून खेळलेला फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव, २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये वेलॉसिटीकडून आपल्या वेगळ्या शैलीने लेगस्पिन टाकणारी सिन्नरची माया सोनवणे, आणि अर्थात बापू नाडकर्णी, यांच्यासाठी 'आपलं नाशिक' असं वेगळं पान केलं. आमच्या यादीत मात्र फक्त स्कोअरबुकात सापडणारी माणसं. निकष दोनच ठेवले: किमान पाच हंगाम आणि पानावर पुरावा. ३१ नावं झाली. ३१ वं नाव ताईंचं, नऊ हंगाम, स्कोअरर. त्याला एकानेही विरोध केला नाही.

छपाईचं थोडक्यात सांगतो. काही जुने लेख श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. ते युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात, त्यामुळे रूपांतर झाल्यावर प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते. मुद्रितशोधनाच्या तीन फेऱ्या केल्या. आकडे तपासायला वेगळा माणूस बसवला, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ पानावर बघायचं. ८८ पानं, ३०० प्रती, खर्च ६४ हजार. त्यातले ४१ हजार जाहिरातींतून आले, उरलेले सभासदांनी घातले. एका ठिकाणी दिलेला १९८२ चा संघाचा फोटो त्यांच्याकडून हरवला. त्याची प्रत आमच्याकडे नव्हती. मूळ फोटो कुणाच्याही हातात देऊ नका, समोर बसून स्कॅन करून घ्या.

२२ डिसेंबर २०२४ ला प्रकाशन झालं. फलकही नवा रंगवला, बापूंचं खरं नाव आणि १४१ घालून. प्रकाशनानंतर आठवडाभरात चार चुका कळल्या, त्यांचं शुद्धिपत्रक छापून उरलेल्या प्रतींत चिकटवलं आणि बाकीच्यांना घरी पोचवलं.

महिन्याभराने, जानेवारी २०२५ मध्ये, महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे गोल्फ क्लबवर झाला. ताईंना विचारलं, येता का? पहिल्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन गोल्फ क्लबला गेलो. गर्दी चांगली होती. बसायला जागा मिळाल्यावर त्यांनी पिशवीतून चौकटीची वही काढली, टोक केलेल्या दोन पेन्सिली काढल्या, आणि पान उडू नये म्हणून त्यावर पोळीभाजीचा डबा ठेवला. पहिला चेंडू पडला. ताईंनी ठिपका दिला.